लाल शाईची नोंद आणि एक अर्ज

चाकणमध्ये पत्रकारिता करणाऱ्या माणसाकडे बातम्यांपेक्षा अर्ज जास्त येतात. सातबाऱ्यावर चुकलेलं नाव, ठेकेदाराने थांबवलेला पगार, शाळेचा दाखला, नळजोडणी. जर्नलिझमचा डिप्लोमा करताना हे कुणी सांगितलं नव्हतं. पण वीस वर्षांत बातम्या जितक्या लिहिल्या, त्याच्या दुप्पट अर्ज मी लोकांसाठी लिहिले असतील.

गेल्या महिन्यात एक काका आले. माजी सैनिक, साठी ओलांडलेली. राहायला मोशीला, ड्युटी चाकण एमआयडीसीतल्या एका कंपनीच्या गेटवर, बारा तासांची. आपल्या पट्ट्यात ही गोष्ट नवी नाही. तळेगावपासून रांजणगावपर्यंत कुठल्याही कंपनीच्या गेटवर उभे राहा, दहातले दोन-तीन गार्ड माजी सैनिक निघतील. ताठ उभं राहण्यावरूनच ओळखू येतात.

काकांनी प्लॅस्टिकच्या पिशवीतून डिस्चार्ज बुक काढलं. कडा झिजलेल्या, पण आत पान न् पान नीट. म्हणाले, "भाऊ, यातलं एक पान काढून टाकायचंय. कायदेशीर. त्याचा अर्ज लिहून दे."

झालं असं होतं की, सिक्युरिटी एजन्सी बदलली. नव्या एजन्सीने सुपरवायझर नेमायचे म्हणून सगळ्यांची डिस्चार्ज बुकं मागवली. टेबलामागे बसलेल्या पोराने, काकांच्या नातवाच्या वयाच्या, सगळ्यांसमोर मोठ्याने वाचलं, "कॅरेक्टर, गुड." मग वर बघून विचारलं, "काका, बाकीच्यांचं एक्झम्प्लरी आहे. तुमचं नुसतं गुड का? काय केलं होतं?"

काकांनी उत्तर दिलं नाही. सतरा वर्षांची नोकरी, त्यात दोन फील्ड पोस्टिंग, एकदा बर्फात बोटं सुन्न होऊन हॉस्पिटल. आणि विचारलं काय, तर "काय केलं होतं?"

केलं होतं एवढंच. वडील अंथरुणाला खिळले, शेताची पेरणी अडली, आणि मंजूर रजेवर एकोणीस दिवस जास्त गावी राहिले. वडील गेल्यावर दिवसकार्य उरकून परत गेले. हजर झाल्याबरोबर शिक्षा, आणि शीटवर लाल शाईची नोंद. दुसरी नोंद त्यानंतर चार वर्षांनी, मेसमधल्या भांडणाची. ती माझीच चूक होती, असं त्यांनी स्वतःहून सांगितलं. पलटण कुठली, अधिकारी कोण, हे मी लिहीत नाही. काकांचीही तशी इच्छा नाही.

मी अर्ज लिहायला बसलो, पण लिहायचं काय ते कळेना. सैनिकाच्या फायलीतली जुनी शिक्षा काढून टाकता येते का? आजवर कुणाची निघाली आहे का? म्हणून थोडं वाचलं, वकील मित्राला विचारलं. जे सापडलं ते इथे मांडतोय, कारण हा प्रश्न एकट्या काकांचा नाही. देहूरोड, दिघी, खडकी, आळंदी, आपल्या आजूबाजूला लष्कर आहे आणि आपल्या वाड्या-वस्त्यांत निवृत्त जवान आहेत. अशी पुस्तकं बऱ्याच घरांच्या ट्रंकेत पडलेली असणार.

आधी लाल शाई म्हणजे काय ते बघू.

प्रत्येक जवानाच्या नावाने एक कंडक्ट शीट असते. पद्धत इंग्रजांच्या काळापासूनची. कैद, अटकेत ठेवणं अशा जड शिक्षा लाल शाईने लिहितात, किरकोळ शिक्षा काळ्या शाईने. म्हणून फौजेत सगळे "रेड इंक एंट्री" म्हणतात. १९५० च्या लष्करी कायद्याच्या कलम ८० खाली कमांडिंग ऑफिसर स्वतःच्या अधिकारात, कोर्ट मार्शल न भरवता, जवानाला २८ दिवसांपर्यंत कैद देऊ शकतो. न परवानगी गैरहजर राहणं आणि रजा ओलांडणं हा कलम ३९ खालचा गुन्हा. सुनावणी सी.ओ. साहेबांसमोर, उभ्या उभ्या. वकील नाही. लढाईच्या तयारीत असलेल्या पलटणीत झटपट निकाल लागतो, हे मी समजू शकतो. शिस्त नसेल तर फौज नाही, हे काका माझ्यापेक्षा जास्त ठामपणे सांगतात.

प्रश्न पुढचा आहे. शिक्षा २८ दिवसांत संपते, नोंद संपत नाही. प्रमोशनच्या वेळी ती उघडते, निवृत्तीच्या वेळी कॅरेक्टर ठरवताना उघडते, आणि मग आयुष्यभर कंपनीच्या टेबलावर उघडत राहते.

कंपनीत काम करणाऱ्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. पर्सनल फाइलमधलं वॉर्निंग लेटर दहा वर्षांनी कसं बाहेर येतं, ते भोसरी-चाकणच्या कामगाराला माहीत आहे. १९४६ च्या स्थायी आदेश कायद्याखालच्या आदर्श नियमांतच लिहिलं होतं की, शिक्षा ठरवताना कामगाराचं पूर्वीचं रेकॉर्ड विचारात घ्यावं. फरक इतकाच की, कामगाराच्या मागे युनियन उभी राहू शकते. सैनिकाला युनियन नाही. चार जणांनी मिळून एका कागदावर सही केली तरी तो शिस्तभंग ठरतो. त्याच्या हातात एकच गोष्ट, एकट्याने, योग्य मार्गाने केलेला अर्ज.

आणि तो अर्ज पडून राहिला तर काय होतं, याचं सगळ्यात मोठं उदाहरण आपल्याच राज्यात घडलंय. साल तेच, १९४६. ठिकाण मुंबई, कुलाबा.

नौदलाचं बंड आपण शाळेत दोन ओळींत शिकलो. निकृष्ट जेवण, गोऱ्या अधिकाऱ्यांची शिवीगाळ, म्हणून खलाशांनी संप केला. त्याच्या आधीचा एक तपशील मात्र दोन ओळींत येत नाही. "तलवार" हे रॉयल इंडियन नेव्हीचं कुलाब्यातलं सिग्नल प्रशिक्षण केंद्र. २ फेब्रुवारीला तिथे भिंतींवर घोषणा लिहिल्यावरून बी. सी. दत्त या टेलिग्राफिस्टला पकडलं. त्यानंतर आठवड्याभरातच तिथला प्रमुख कमांडर किंग बरॅकमध्ये येऊन खलाशांना अत्यंत घाणेरड्या शिव्या देऊन गेला.

पोरांनी लगेच बंड केलं नाही. त्यांनी अर्ज केले. सामूहिक तक्रार म्हणजे बंड, हे त्यांना माहीत होतं, म्हणून एकेकट्याने, नियमाप्रमाणे, लेखी तक्रारी दिल्या. किंगने त्यांना बोलावलं ते आठवड्यानंतर. आणि बोलावून केलं काय, तर तक्रारीचे परिणाम काय होतील त्याचा पुन्हा विचार करा म्हणून आणखी मुदत दिली. ज्याच्याविरुद्ध तक्रार, तोच तक्रार ऐकणार. १८ फेब्रुवारीच्या सकाळी "तलवार"वर कुणीही नाश्त्याला हात लावला नाही.

पुढचं सगळं पाच-सहा दिवसांत घडलं. एम. एस. खान अध्यक्ष आणि मदन सिंग उपाध्यक्ष असलेली संप समिती तयार झाली. एक मुसलमान, एक शीख, आणि जहाजांवर काँग्रेस, लीग, कम्युनिस्ट असे तीन झेंडे एकत्र. कराचीपासून कोलकात्यापर्यंत ७८ जहाजं, २० किनारी तळ आणि जवळपास २०,००० खलाशी त्यात आले, असा आकडा सांगितला जातो. मागण्यांमध्ये चांगलं जेवण आणि गोऱ्यांइतका पगार होता, किंगवर कारवाई होती, आझाद हिंद फौजेच्या कैद्यांची सुटकाही होती.

मुंबईचे गिरणी कामगार रस्त्यावर उतरले. दुकानदारांनी आणि सामान्य माणसांनी खलाशांना खायला नेऊन दिलं. २२ फेब्रुवारीला परळमध्ये गोळीबारात कमल दोंदे गेल्या, कुसुम रणदिवे जखमी झाल्या. त्या दोन-तीन दिवसांत मुंबईत दोनशेहून जास्त माणसं मेली. त्यातल्या बहुतेकांची नावंसुद्धा आपल्याला माहीत नाहीत.

सरदार पटेलांनी खलाशांना शरण यायला सांगितलं. कुणावर सूड उगवला जाऊ नये यासाठी काँग्रेस प्रयत्न करील, असं आश्वासन होतं. २३ फेब्रुवारीला पांढरी निशाणं लागली. आम्ही इंग्रजांपुढे नाही, देशापुढे शरण येतोय, असं संप समितीने जाहीर केलं.

त्यानंतर मुलुंडच्या छावणीत धरपकड झालेल्या खलाशांना डांबलं. ४७६ जणांना नौदलातून काढलं, असं नोंदवलं गेलंय. विशी-बाविशीतली पोरं. ना पेन्शन, ना शिफारसपत्र. चौकशीसाठी न्या. सय्यद फजल अली यांच्या अध्यक्षतेखाली आयोग बसला. खराब जेवण, वर्णभेद, वेळेवर न ऐकलेल्या तक्रारी, ही कारणं त्यात पुढे आली. म्हणजे पोरांचं म्हणणं खरं होतं, हे सरकारी कागदावर आलं. तरीही काढल्याची नोंद तशीच राहिली.

दीड वर्षात स्वातंत्र्य आलं. या पोरांना वाटलं असेल की, आता आपलं सरकार, आता बोलावणं येईल. आलं नाही. भारतानेही परत घेतलं नाही, पाकिस्ताननेही नाही. दत्त मुंबईत "फ्री प्रेस जर्नल"मध्ये पत्रकार झाले, नंतर जाहिरात कंपनीत गेले. ज्यांना असं काही जमलं नाही, त्यांचं काय झालं, हे लिहून ठेवणारं कुणी नव्हतं.

आझाद हिंद फौजेचीही गोष्ट अशीच. लाल किल्ल्यातल्या खटल्यात शाहनवाझ खान, सहगल आणि धिल्लन यांना जन्मठेप झाली. देश पेटलेला बघून जानेवारी १९४६ मध्ये सरसेनापती ऑकिनलेक यांनी जन्मठेप माफ केली. पण बडतर्फी आणि थकलेला पगार जप्त करण्याची शिक्षा कायम ठेवली. माणूस सोडला, कागद सोडला नाही. पुढे १९४८ मध्ये स्वतंत्र भारताच्या सरकारने या सैनिकांच्या बडतर्फीचा कलंक दूर केल्याचं जाहीर केलं, पण लष्करात परत घ्यायला नकार दिला. फौजेत फूट पडेल ही भीती होती.

सावंतवाडीजवळच्या तिरोड्याचे जगन्नाथराव भोसले हे आझाद हिंद फौजेचे चीफ ऑफ स्टाफ. इंग्रजांच्या कायद्यात त्यांच्याइतका मोठा शिस्तभंग क्वचितच कुणी केला असेल. पुढे तेच नेहरूंच्या सरकारात उपमंत्री झाले आणि १९५४ मध्ये शाळकरी मुलांसाठी त्यांनी योजना सुरू केली, तिचं नाव "राष्ट्रीय शिस्त योजना". ज्याला फौजेच्या कागदाने बेशिस्त ठरवलं, त्याच्याकडून देशाच्या पोरांनी शिस्त शिकली. कागदावरची ओळ आणि माणूस यांत किती अंतर असू शकतं, ते इथे दिसतं.

आता गोष्टीतलं वळण. हे वाचून माझंच मत बदललं.

१९७२ मध्ये केंद्राने स्वातंत्र्यसैनिकांना पेन्शन सुरू केली. १९८० मध्ये तिला सन्मान योजनेचं रूप आलं. १९४६ चं नाविकांचं बंड त्या योजनेच्या मान्य लढ्यांच्या यादीत आहे. पण पेन्शन मिळवायची तर पुरावा पाहिजे. तुरुंगात होतो, नोकरीतून काढलं होतं, याचा सरकारी कागद. आणि तो कागद म्हणजे कोणता? तीच शिक्षेची नोंद. जी ओळ पंचवीस-तीस वर्षं लपवत फिरले, तीच दाखवल्याशिवाय सन्मान मिळेना. समजा १९४७ मध्ये एखाद्या भल्या अधिकाऱ्याने ती सगळी पानं फाडून जाळली असती, तर? ही पोरं निर्दोष झाली नसती. ती कधी तिथे नव्हतीच, असं झालं असतं.

आज कुलाब्याला त्या उठावाचं स्मारक आहे. नौदलाच्या टग बोटींना मदन सिंग आणि बी. सी. दत्त यांची नावं आहेत. २०२२ च्या प्रजासत्ताक दिनाच्या संचलनात नौदलाच्या चित्ररथावर हाच उठाव होता. ज्या दलाने काढलं, त्याच दलाने रथावर बसवलं. चांगलंच झालं. पण त्याला ७६ वर्षं लागली.

बाहेरच्या देशांनी असे जुने कागद कसे हाताळले, तेही बघितलं.

पहिल्या महायुद्धात पळून जाणं, भ्याडपणा अशा आरोपांवरून ब्रिटिश फौजेने स्वतःचेच सैनिक गोळ्या घालून मारले. त्यातला एक हॅरी फार, १९१६ चा. तोफांच्या आवाजाने मनावर परिणाम झालेला माणूस. त्याच्या बायकोला पेन्शन नाकारली, आणि नवरा कसा गेला हे ती कितीतरी वर्षं कुणाला सांगू शकली नाही. त्याच्या मुलीने नव्वदी ओलांडेपर्यंत लढा दिला. २००६ मध्ये कायदा करून अशा ३०६ सैनिकांना माफी दिली गेली. पण त्याच कलमात लिहिलंय की, या माफीमुळे मूळ दोषसिद्धीवर आणि शिक्षेवर परिणाम होत नाही. म्हणजे जुनं पान तसंच राहिलं, माफी त्याच्या शेजारी आली.

दुसरं उदाहरण अमेरिकेचं. देहूरोडच्या लोकांना ते जवळचं वाटेल, कारण ते दारूगोळ्याच्या डेपोतलं आहे. १४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या गोदीत "फोर्ट स्टायकिन" जहाजाचा स्फोट झाला, तो आपल्याला माहीत आहे. त्यानंतर तीनच महिन्यांनी, १७ जुलैला, कॅलिफोर्नियात पोर्ट शिकागो इथे जहाजात दारूगोळा भरताना स्फोट होऊन ३२० माणसं मेली. मेलेल्यांत बहुतेक काळे खलाशी. ना धड प्रशिक्षण, ना सुरक्षा. काही आठवड्यांनी वाचलेल्यांना पुन्हा तेच काम करायला सांगितलं तेव्हा शेकडोंनी नकार दिला. ५० जणांवर बंडाचा खटला चालवून त्यांना दोषी ठरवलं. तो निकाल रद्द झाला १७ जुलै २०२४ ला, बरोबर ऐंशी वर्षांनी. तेव्हा खटला चालवतानाच कायद्याच्या चुका झाल्या होत्या, असं नौदलाने मान्य केलं. तोवर ती माणसं राहिली नव्हती. पत्र घरच्यांच्या हातात पडलं.

अमेरिकेत आणखी एक सोय आहे, ती आपल्याकडे असावी असं मला वाटतं. १९४६ च्याच एका कायद्यातून तिथे लष्करी नोंदी दुरुस्त करणारी मंडळं आली. निवृत्त सैनिक तिथे अर्ज करतो की, माझ्या फायलीत ही चूक आहे, हा अन्याय आहे, दुरुस्त करा. कोर्टकचेरी न करता.

मग आपल्याकडे काय आहे?

लष्करी कायद्याच्या कलम २६ खाली जवान वरिष्ठांकडे दाद मागू शकतो. अधिकाऱ्यांसाठी कलम २७ आहे. पण दाद मागणंसुद्धा कधी कधी महागात पडतं. रणजित ठाकूर नावाचा सिग्नलमन होता. त्याने आपल्यावर अन्याय होतोय असा अर्ज थेट मोठ्या अधिकाऱ्यांकडे पाठवला. मार्ग चुकला म्हणून २८ दिवसांची कैद. ती भोगत असताना, १९८५ मध्ये, जेवायचा हुकूम दिला आणि याने खाल्लं नाही म्हणून समरी कोर्ट मार्शल, एक वर्ष सक्तमजुरी आणि बडतर्फी. कोर्टात बसलेल्यांत ज्याच्याविरुद्ध तक्रार होती तो अधिकारीही. म्हणजे "तलवार"वर जे झालं तेच, चाळीस वर्षांनी, आपल्याच राज्यात नाही पण आपल्याच देशात. ऑक्टोबर १९८७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते सगळं रद्द केलं. शिक्षा गुन्ह्याच्या मानाने बेताची हवी, आणि वैरी न्यायाधीश होऊ शकत नाही, असं सांगितलं. हा निकाल आज कंपन्यांतल्या बडतर्फीच्या खटल्यांतही वकील दाखवतात. एका साध्या जवानाच्या अर्जातून कामगारांच्या हाती आलेलं हे हत्यार आहे.

कोर्ट मार्शलवर अपील ऐकणारी स्वतंत्र जागा असावी, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्येच सुचवलं होतं. सशस्त्र दल न्यायाधिकरणाचा कायदा झाला २००७ मध्ये, काम सुरू झालं २००९ मध्ये. आपल्यासाठी मुंबईचं खंडपीठ आहे. दाद सहसा सहा महिन्यांत मागावी लागते, उशीर झाला तर सबळ कारण द्यावं लागतं.

आणि आता चार लाल नोंदींची गोष्ट. फौजेत पक्का समज आहे की, चार रेड इंक झाल्या की घरी. "सेवेची गरज नाही" या शेऱ्याने जवानाला काढलं जातं. आणि पेन्शनसाठी जवानाला पंधरा वर्षं लागतात. तेराव्या-चौदाव्या वर्षी चौथी नोंद झाली, तर सगळंच गेलं.

प्रत्यक्षात लष्करी मुख्यालयाचं २८ डिसेंबर १९८८ चं पत्र आहे. त्यात स्पष्ट म्हटलंय की, चार नोंदी झाल्या म्हणून काढलंच पाहिजे असं नाही. प्रत्येक नोंद कशाबद्दल होती ते बघा, किती वर्षं नोकरी झाली, कसल्या अवघड ठिकाणी झाली ते बघा, पेन्शन जवळ आली असेल तर कठोर होऊ नका, आधी चौकशी करा. पत्र होतं, पण ते पाळायला लावण्यासाठी एका माणसाला सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं. तोफखान्यातले वीरेंद्र कुमार दुबे, सुमारे बारा वर्षं नोकरी करून काढलेले. ऑक्टोबर २०१५ मध्ये न्या. टी. एस. ठाकूर यांनी निकाल दिला की, चौकशी न करता नुसत्या नोंदी मोजून काढणं चूक आहे, यांना पेन्शनपुरती सेवा झाली असं समजा. डिसेंबर २०१६ मध्ये विजय शंकर मिश्रा या जवानाच्या खटल्यात न्या. धनंजय चंद्रचूड यांनी तेच पुन्हा सांगितलं. चंद्रचूडांचं मूळ गाव कनेरसर, आपल्या खेड तालुक्यातलं. त्यांच्या वाड्याबद्दल आपण अभिमानाने बोलतो, या निकालाबद्दलही बोलायला हवं.

एक गोष्ट वकील मित्राने सांगितली आणि मी थबकलो. पेन्शन न मिळालेल्या जवानाची कागदपत्रं साधारण पंचवीस वर्षांनी नष्ट केली जातात. म्हणजे चार नोंदींवर ज्याला घरी पाठवलं, त्याने उशिरा का होईना दाद मागायचं ठरवलं, तर फायलच नाही. नोंद नाहीशी होते, पण तिचा परिणाम तसाच राहतो. यापेक्षा नोंद राहिलेली बरी, निदान तिच्याशी भांडता तरी येतं.

हे सगळं मी काकांना सांगितलं. दोन चहा झाले. म्हटलं, "काका, पान काढून टाका असा अर्ज टिकणार नाही असं मला वाटतं. आणि काढूही नये. आपण असं लिहू की, त्या एकोणीस दिवसांत काय घडलं होतं ते त्या पानाशेजारी नोंदवा. वडिलांचा मृत्यूचा दाखला जोडू. स्वतःहून हजर झालात, हे लिहू. आणि त्या वेळी ठरवलेल्या कॅरेक्टरचा फेरविचार करा, अशी विनंती करू."

काका लगेच पटले नाहीत. म्हणाले, "तू लेखक माणूस, तुला कागद जपायचा असतो. मला तो नकोय. माझा नातू अग्निवीरची तयारी करतोय. रोज पहाटे इंद्रायणीच्या कडेने पळतो. त्याने हे पुस्तक बघितलं तर?"

मी विचारलं, "त्याला सांगितलंय का कधी, की त्याचे पणजोबा कसे गेले?"

"नाही."

बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मेसवाली नोंद राहू दे. ती माझी चूक. रजेची तेवढी लिही."

तसा अर्ज लिहिला. रेकॉर्ड ऑफिसच्या नावाने, रजिस्टर पोस्टाने. त्याआधी कंडक्ट शीटची प्रत माहिती अधिकारात मागितली, कारण तीस-पस्तीस वर्षांत काकांनी ती शीट एकदाही स्वतः वाचलेली नव्हती. त्यांच्यावर काय लिहिलंय, हे त्यांना फक्त तोंडी माहीत आहे. पुण्यात जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आहे, एक प्रत तिथेही देणार आहोत. उत्तर काय येईल, सांगता येत नाही. सुपरवायझरची जागा तर केव्हाच भरली. काका अजून गेटवरच आहेत.

दोन विनंत्या करून थांबतो.

ज्यांची मुलं, भाऊ आज फौजेत आहेत, त्यांनी त्यांना सांगावं की, चुकीची वाटणारी नोंद झाली तर गप्प बसू नका आणि रागाच्या भरात भलत्या मार्गानेही जाऊ नका. कलम २६ चा अर्ज वेळेत करा, पोच घ्या, प्रत घरी पाठवा. निवृत्तीनंतर तीस वर्षांनी हे काम फार अवघड होतं.

आणि दुसरी विनंती, कंपन्यांत, एजन्सीत टेबलामागे बसणाऱ्या माझ्या तरुण मित्रांना. समोर ठेवलेल्या पुस्तकातला एक शब्द वाचून सगळ्यांसमोर "काय केलं होतं?" असं विचारू नका. विचारायचंच असेल तर बाजूला बसवून, खुर्ची देऊन विचारा. आणि उत्तर ऐकायला वेळ काढा.